कपाटातली पुस्तके आणि वाचलेली पुस्तके

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यातल्या एका उमराव घराण्यावर तुम्ही मराठीत कादंबरी लिहीत आहात आणि तिचा काळ साधारण १७९५ चा आहे. एका प्रसंगात घरचा अर्ल रात्रीचे जेवण आटोपून एकटाच ग्रंथालयाच्या दालनात जातो, शेकोटीपाशी खुर्ची ओढतो आणि चामडी बांधणीचा जाडजूड ग्रंथ उघडून मध्यरात्रीपर्यंत वाचत बसतो. त्याच वेळी वरच्या मजल्यावर त्याची बायको अंथरुणात चोरून कादंबरी वाचते. हा प्रसंग त्या काळाला धरून आहे का, आणि नसेल तर ही मंडळी रोजच्या आयुष्यात काय, केव्हा आणि कशी वाचत, असे तुम्ही विचारले आहे. शिवाय 'की ती सगळी पुस्तके नुसती शोभेचीच होती?' अशी एक शंकाही तुम्ही शेवटी काढली आहे.

मी इतिहासाची प्राध्यापक नाही. गेली सव्वीस वर्षे मी जुन्या छापील पुस्तकांच्या दुरुस्तीचे आणि जतनाचे काम करते. त्यांतली निम्म्याहून अधिक पुस्तके अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतली इंग्रजी असतात, आणि कित्येकांच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस कुठल्या ना कुठल्या घराण्याचे कुलचिन्ह चिकटवलेले असते. त्यामुळे माझे उत्तर हे पुस्तके उसवणाऱ्या बाईचे उत्तर आहे. पुस्तक उसवले की ते कुणी खरोखर वाचले होते, की वर्षातून एकदा धूळ झटकून परत ठेवले होते, हे बहुतेक वेळा कळते.

तुम्ही 'काय वाचत' हा प्रश्न पुढे ठेवला आहे; तुमच्या प्रसंगातली अडचण मात्र 'कसे वाचत' यात आहे. एक माणूस, एक पुस्तक, मिटलेले दार आणि शांतता हे आपल्या आजच्या वाचनाचे चित्र आहे, आणि तुम्ही ते उचलून दोनशे-सव्वादोनशे वर्षे मागे नेले आहे. त्या वर्गातले रोजचे वाचन बरेचसे चारचौघांत, मोठ्याने, तुकड्यातुकड्याने आणि शक्यतो दिवसाउजेडी होत असे. एकांतातले वाचन नव्हते असे मुळीच नाही, पण ते ठरावीक वेळी आणि ठरावीक जागी होई, आणि त्या वेळा व जागा तुम्ही निवडल्या आहेत त्या नव्हेत.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट कबूल करायला हवी. 'ब्रिटिश उच्चवर्ग' म्हणजे काही एक घर नव्हे. लंडनमध्ये संसदेच्या अधिवेशनासाठी सहा महिने राहणारा ड्यूक आणि यॉर्कशरमध्ये शिकारी कुत्रे पाळून राहणारा जहागीरदार यांची वाचनाची सवय सारखी असणार नाही. सोळाशे साल आणि अठराशे साल यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. इटनच्या शाळेत लॅटिन घोकलेला मुलगा आणि घरी फ्रेंच शिकलेली त्याची बहीण एकाच कपाटातून वेगवेगळी पुस्तके काढत. आणि काही जण काहीच वाचत नसत. जेन ऑस्टिनच्या 'परस्वेजन'मधले सर वॉल्टर एलियट करमणुकीसाठी फक्त एकच पुस्तक हातात घेतात. ते म्हणजे बॅरोनेट, म्हणजे 'सर' ही वंशपरंपरागत पदवी असलेल्या, घराण्यांची यादी, ज्यात त्यांचे स्वतःचे नाव छापलेले असते. ही थट्टा त्या काळच्या वाचकांना पटली, कारण असा एखादा माणूस प्रत्येकाच्या ओळखीत होता.

आता शोभेच्या पुस्तकांची शंका. १८२० च्या दशकाच्या आधी प्रकाशकाच्या कापडी बांधणीत पुस्तक मिळण्याची पद्धत रूढ झालेली नव्हती. पुस्तक बहुधा सुट्या फर्म्यांच्या, म्हणजे छापून घडी घातलेल्या मोठ्या कागदांच्या, रूपात किंवा साध्या पुठ्ठ्यांत तात्पुरते शिवून मिळे. घेणारा ते आपल्या बाइंडरकडे पाठवी, वासराच्या किंवा बकऱ्याच्या चामड्यात बांधून घेई आणि पाठीवर सोनेरी अक्षरे उठवून घेई. म्हणून अशा घरांतली शेकडो पुस्तके एकसारखी दिसतात. तो सारखेपणा पाहून आपण म्हणतो की ही नुसती सजावट आहे, पण त्यावरून फक्त इतकेच सिद्ध होते की घराचा बाइंडर एक होता.

बांधणी करताना बाइंडर पानांच्या तिन्ही कडा कातरत असे. त्यामुळे घडी घातलेल्या फर्म्याची जोडलेली पाने आपोआप मोकळी होत. तेव्हा चामडी बांधणीच्या पुस्तकातली सुटी पाने पाहून 'बघा, हे वाचले गेले आहे' असे म्हणणे चूक ठरते. नवशिक्या संग्राहकांकडून ही चूक नेहमी होते. याउलट पुस्तक साध्या पुठ्ठ्यातच राहिले असेल, तर प्रत्येक जोडपान वाचणाऱ्याला कागद कापायच्या सुरीने कापावे लागे. अशा प्रतीत जिथे कापणे थांबले तिथे वाचनही थांबले, हे बिनदिक्कत सांगता येते.

एकदा माझ्या टेबलावर तीन खंडांची एक कादंबरी आली होती. पहिल्या खंडाची शिलाई सैल झाली होती, पाठ तीन ठिकाणी मोडली होती आणि पानांचे खालचे उजवे कोपरे अंगठ्याने काळपट झाले होते. दुसरा खंड मध्यापर्यंत तसाच, आणि तिथून पुढे कोरा. तिसऱ्या खंडाचा एकही फर्मा कापलेला नव्हता. नायिकेचे लग्न झाले की नाही, हे त्या घरात कुणालाच कळले नसावे. आणखी एका प्रवचनसंग्रहात प्रत्येक प्रवचनाच्या शेवटी पेन्सिलीने बारीक तारखा लिहिलेल्या होत्या. पडताळून पाहिले तेव्हा त्या सगळ्या रविवारच्या निघाल्या, आणि काही प्रवचनांखाली तर चार-पाच वर्षांच्या तारखा एकाखाली एक होत्या. घरच्या मंडळींना आणि नोकरांना एकत्र बसवून ते वाचून दाखवले जात असणार. एकट्याने मनात वाचणारा माणूस अशी नोंदवही ठेवत नाही.

खुणा आणखीही असतात. मधमाशीच्या मेणाचा थेंब कागदावर वरच्या वर बसतो आणि हाडाच्या पट्टीने अलगद उचलता येतो. चरबीच्या बत्तीचा थेंब आत मुरतो आणि कागद तेलकट, पारदर्शक करतो. उमरावांच्या दालनातल्या पुस्तकांवर बहुधा मेण सापडते, चरबी नाही. शिवणीच्या खाचेत तपकिरीचे कण सापडतात आणि ते उघड्या पुस्तकावर चिमूट घेणाऱ्या पुरुषाची गोष्ट सांगतात. केसांना लावायची पिठाची पावडरही सापडते आणि तिच्यामागून कसरही येते, कारण ते पीठ म्हणजे कसरीचे जेवणच. त्या पावडरीवर १७९५ सालीच माणशी एक गिनी, म्हणजे पौंडाहून थोडा अधिक, कर बसला आणि फॅशन हळूहळू ओसरली. तुमची कादंबरी नेमकी त्या वर्षातली असल्याने हा तपशील तुमच्या उपयोगी पडेल.

शोभेची पुस्तके अर्थातच होती, आणि कधीकधी ती उघडपणे शोभेची होती. चॅट्सवर्थ या प्रासादात सहाव्या ड्यूक ऑफ डेव्हनशरने ग्रंथालयाच्या एका दारावर पुस्तकांच्या नुसत्या पाठी बसवल्या आणि त्यांवर टाकायला खोटी, विनोदी नावे थॉमस हुड या कवीकडून मागवली. त्यातले एक 'बॉइल ऑन स्टीम'. बॉइल हे खऱ्या शास्त्रज्ञाचे आडनाव, पण कानाला ते इंग्रजीतल्या 'उकळणे' या शब्दासारखे लागते. गंमत म्हणजे हाच ड्यूक पुस्तकांचा खराखुरा शौकीन होता. दिखावा आणि वाचन एकाच माणसात सुखाने नांदू शकतात. १८१२ साली रॉक्सबर्ग संग्रहाच्या लिलावात मार्क्वेस ऑफ ब्लँडफर्डने बोकाचो या इटालियन कथाकाराच्या पुस्तकाच्या एका जुन्या प्रतीसाठी २,२६० पौंड मोजले, आणि सात वर्षांनी कर्जबाजारी झाल्यावर ती अर्ल स्पेन्सरला ९१८ पौंडांत गेली. या व्यवहाराला वाचन म्हणायला माझे मन धजत नाही. पण अशा गोष्टी गाजल्या म्हणून नियम ठरत नाहीत.

आता मूळ प्रसंगाकडे येते. १७९५ च्या सुमारास खेड्यावरच्या मोठ्या घरात मुख्य जेवण रात्री नसे. ते दुपारी चार ते सहाच्या दरम्यान होई. त्याआधीचा सगळा वेळ म्हणजे 'सकाळ', मग घड्याळात तीन का वाजलेले असेनात. जेवणानंतर स्त्रिया उठून बैठकीच्या दालनात जात आणि पुरुष मद्य घेत मागे थांबत. मग सगळे चहा-कॉफीसाठी एकत्र येत आणि उरलेली संध्याकाळ पत्ते, संगीत, गप्पा, भरतकाम आणि वाचून दाखवणे यांत जाई. घरात पाहुणे असताना यजमानाने एकट्याने उठून ग्रंथालयात जाणे हे असभ्यपणाचे ठरले असते. आणि अशा घरात पाहुणे नसलेले दिवस थोडेच असत.

दुसरे असे की ग्रंथालय ही एकांताची जागा राहिलीच नव्हती. सतराव्या शतकात पुस्तके मालकाच्या खासगी खोलीशेजारच्या लहानशा कोठडीत असत. लंडनजवळच्या हॅम हाउसमध्ये १६७० च्या दशकात बांधलेली अशी छोटी खोली आजही आहे. अठराव्या शतकात ती खोली वाढत वाढत घरातले सर्वांत ऐसपैस आणि उबदार दालन झाली. बागांची आखणी करणारा हम्फ्री रेप्टन याने १८१६ साली नोंदवून ठेवले आहे की ग्रंथालयाचाच घरातली सामाईक बैठक म्हणून वापर करण्याची आता रीत पडली आहे. तिथे पत्रे लिहिली जात, मुले खेळत, कुत्री लोळत, चित्रांचे मोठे ग्रंथ टेबलावर उघडून चौघांत चाळले जात. तुमचा अर्ल तिथे शिरला तर त्याला किमान दोन बहिणी, एक मेहुणा आणि बुद्धिबळाचा पट भेटेल.

तिसरा मुद्दा उजेडाचा, आणि हा लेखकांकडून हमखास निसटतो. आपल्याकडे पूर्वी घरोघर असलेला साठ वॉटचा साधा दिवा जेवढा उजेड देई, तेवढ्यासाठी साठहून अधिक मेणबत्त्या लागतील. चरबीची बत्ती स्वस्त, पण तिची वात दर काही मिनिटांनी कातरावी लागे, नाहीतर ती धुरकट होऊन उजेड निम्म्यावर येई. शिवाय वास येई तो वेगळाच. मधमाशीच्या मेणाची बत्ती स्वच्छ जळे, पण ती कितीतरी महाग, आणि १७०९ पासून १८३१ पर्यंत मेणबत्त्यांवर सरकारी करही होता. अर्लला मेणबत्त्या परवडत नव्हत्या असे नाही. पण श्रीमंताघरीही एकेका माणसासाठी वेगळी शेकोटी आणि वेगळे दिवे रात्रभर ठेवण्याची पद्धत नव्हती; उजेड जिथे असेल तिथे सगळे जमत. एका चांगल्या दिव्याजवळ एक जण वाचतो आणि बाकीचे अंधुक उजेडात जमणारी कामे करत ऐकतात, ही व्यवस्था त्यातूनच आली. चातुर्मासात आपल्याकडे पोथी लावत, एक जण वाची आणि ऐकणाऱ्या बायका वाती वळत, ते चित्र डोळ्यांपुढे आणले तर तुम्हाला त्या दालनाची बैठक चटकन कळेल. श्रद्धेचा भाग तेवढा वगळा. १७८४ नंतर इंग्लंडमध्ये आर्गांडचा दिवा आला. पोकळ गोल वात, काचेची चिमणी आणि सात-आठ मेणबत्त्यांइतका उजेड असा तो दिवा होता. तुमच्या अर्लच्या टेबलावर असा एक दिवा जरूर ठेवा. तो त्या वर्षी शोभेल आणि मंडळी त्याच्याभोवती का बसली आहेत याचे कारणही न सांगता कळेल.

मोठ्याने वाचण्याची ही सवय जुनी आहे. लेडी अ‍ॅन क्लिफर्ड हिची रोजनिशी उपलब्ध आहे. १६१६-१७ च्या सुमारास ती नवऱ्याच्या घरी, केंटमधल्या नोल प्रासादात होती, इस्टेटीच्या भांडणात अडकली होती, आणि नोकरमाणसे तिला फ्रेंच लेखक मोंतेन्यचे निबंध आणि कवी एडमंड स्पेन्सरचे काव्य वाचून दाखवत असल्याची नोंद तिने केली आहे. तिला वाचता येत नव्हते असे नाही; ती त्या काळातल्या सुशिक्षित स्त्रियांपैकी होती. वाचून घेणे हा प्रतिष्ठेचा आणि सोबतीचा भाग होता. म्हातारपणी उत्तरेकडच्या आपल्या किल्ल्यांत राहताना तिला आवडलेली वचने ती कागदावर लिहून घेई आणि दासींकडून भिंतींवर व पलंगाच्या पडद्यांवर टाचणीने लावून घेई, म्हणजे येता-जाता त्यांवर बोलता येई. मला विचाराल तर वाचनाची इतकी रोजची, इतकी घरगुती खूण कुठल्याही सोनेरी पाठीच्या ग्रंथात सापडणार नाही.

एकांतात वाचायच्या वेळाही होत्या. पहिली सकाळची, न्याहारीच्या आधीची किंवा नंतरची, खिडकीपाशी. दुसरी केशभूषेची. १७७० च्या दशकात केसांचे मनोरे रचायला दीड-दोन तास लागत आणि तेवढा वेळ हातात पुस्तक असे. शेरिडनच्या 'द रायव्हल्स' या १७७५ च्या नाटकात बाथ शहरातली श्रीमंत मुलगी लिडिया मावशीची चाहूल लागताच कादंबऱ्या लपवते आणि नीतिप्रवचनांचे पुस्तक टेबलावर उघडे ठेवायला सांगते. दासी कळवते की केशभूषाकाराने त्याची सुरुवातीची पाने फाडून नेली आहेत. अर्थात केस कुरळे करायचे कागद म्हणून. त्याच प्रसंगात ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकाचे कोपरे दुमडणाऱ्या आणि नखाने समासात खुणा करणाऱ्या एका वाचक बाईंचीही टर उडवली आहे. नखाच्या खुणा मी प्रत्यक्ष पाहिल्या आहेत. तिरप्या उजेडात पान धरले की त्या दिसतात.

तिसरी वेळ आणि जागा लॉर्ड चेस्टरफील्ड सांगतात. डिसेंबर १७४७ मध्ये मुलाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी वेळेचा काटेकोर वापर करणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थाचे उदाहरण दिले आहे. तो होरेस या रोमन कवीच्या काव्याची स्वस्त प्रत घेई, शौचकूपात जाताना दोन-दोन पाने फाडून नेई, आधी ती वाचे आणि मग गटारांच्या रोमन देवीला अर्पण करी. मुलाने याचे अनुकरण करावे, अशी चेस्टरफील्डसाहेबांची शिफारस होती. म्हणजे वाचून संपलेली पुस्तके आमच्यापर्यंत पोहोचतच नाहीत, याची एक बाजू अशीही आहे.

आता बायकोचे चोरून वाचणे. अविवाहित मुलीने मावशीच्या भीतीने लपवणे समजण्यासारखे आहे, पण १७९५ मध्ये अर्लच्या पत्नीला कादंबरी लपवण्याचे कारण नव्हते. कादंबरीवर टीका होत असे, आणि ती टीका करणारेही कादंबऱ्या वाचत. लेडी मेरी वर्टली मॉन्टेग्यू ही ड्यूकची मुलगी. लहानपणी ती बापाच्या ग्रंथालयात गुपचूप लॅटिन शिकली. पुढे इटलीत राहत असताना तिची लेक, लेडी ब्यूट, तिला लंडनहून पेट्या भरून कादंबऱ्या पाठवी. १७५२ च्या एका पत्रात ती लिहिते की दिवेलागण झाली, डोळे थकले, म्हणून लवकर संपेल अशा समजुतीने तिने एका कुत्र्याची कथा हातात घेतली, आणि ती संपेपर्यंत तिला झोपायला जाता आले नाही. रिचर्डसनची 'क्लॅरिसा' वाचून आपण दूधवाल्या पोरीसारखे रडलो, हेही तिने कबूल केले आहे. मात्र पुढच्याच वर्षी नातीच्या शिक्षणाबद्दल लिहिताना तिने बजावले की मुलीने आपली विद्वत्ता शरीराचे व्यंग लपवावे तशी लपवावी. लपवायचे असे ते लॅटिन, कादंबरी नव्हे. तुमच्या नायिकेला काही चोरून वाचायचेच असेल तर तिच्या हातात लॅटिन कवी व्हर्जिल द्या. प्रसंग एकदम खरा होईल.

पुरुषही कादंबऱ्या वाचत. जेन ऑस्टिनची पहिली छापील कादंबरी प्रिन्स रीजंटने, म्हणजे पुढच्या चौथ्या जॉर्जने, १८११ च्या ऑक्टोबरमध्ये पंधरा शिलिंगांना विकत घेतल्याचे बिल राजघराण्याच्या दप्तरात सापडले आहे, आणि त्यावरची तारीख पुस्तकाच्या पहिल्या जाहिरातीच्याही दोन दिवस आधीची आहे. फॅनी बर्नीची 'कॅमिला' १७९६ मध्ये आगाऊ वर्गणी घेऊन छापली गेली. वर्गणी एक गिनी होती, आणि वर्गणीदारांची नावे पुस्तकातच छापली होती. त्या यादीत उमराव घराण्यांची गर्दी आहे. यादीत नाव आले म्हणजे पाचही खंड वाचले असे नव्हे, हे आता तुम्हाला सांगायला नको.

रोजच्या वाचनात साहित्याचा वाटा आपण समजतो त्याहून कमी असे. अर्लच्या टेबलावर सर्वांत जास्त हाताळली जाणारी गोष्ट म्हणजे लंडनहून टपालाने येणारे वर्तमानपत्र; संसदसदस्यांना आणि उमरावांना टपालमाफी असल्याने ते त्याला फुकट पोहोचे. त्याखालोखाल शर्यतीच्या घोड्यांची नोंदपुस्तके, शेतीसुधारणेवरची पुस्तके आणि रिचर्ड बर्नचे न्यायदंडाधिकाऱ्यांसाठीचे मार्गदर्शन, कारण परगण्यातल्या किरकोळ गुन्ह्यांचा निवाडा करण्याचे काम याच मंडळींकडे असे. बर्नच्या प्रती मला नेहमी झिजलेल्याच मिळतात. फ्रान्समध्ये क्रांती चालू होती, त्यामुळे त्या क्रांतीवर टीका करणारे १७९० चे एडमंड बर्कचे पुस्तक आणि त्याला उत्तरादाखल आलेली पत्रके घरात होतीच. होरेस मात्र प्रत्येकाच्या जिभेवर होता. शाळेत इतका पाठ करून घेतलेला असे की ग्रंथ उघडायची गरज क्वचितच पडे. आकाराकडेही लक्ष द्या. मांडीवर घेऊन वाचता न येणारे मोठ्या आकाराचे ग्रंथ टेबलावर ठेवून पाहायचे असत. वाचायची कादंबरी तळहातात मावेल एवढी लहान असे. शेकोटीपाशी जाडजूड ग्रंथ मांडीवर घेऊन बसलेला तुमचा अर्ल अर्ध्या तासात मांड्या चोळू लागेल.

पुढच्या शतकाबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण तुमची कादंबरी तिथपर्यंत जात नाही. १८४२ नंतर म्यूडीच्या ग्रंथालयातून वर्षाला एक गिनी वर्गणीवर पुस्तके मिळू लागली, आणि तीन खंडी नव्या कादंबरीची किंमत साडेएकतीस शिलिंग असल्याने श्रीमंतही ती विकत घेण्याऐवजी पेटीने मागवत. १८४८ मध्ये युस्टन स्थानकावर डब्ल्यू. एच. स्मिथचा पुस्तकांचा ठेला उघडला आणि प्रवासातले मूक वाचन रुळले. खऱ्या अर्थाने एकांताच्या जवळ जाणारे वाचन इथून पुढचे. ब्रिटनचा पंतप्रधान ग्लॅडस्टन याने आयुष्यभर वाचलेली पुस्तके रोजनिशीत नोंदली. ती वीस हजारांहून अधिक भरतात, आणि समासात 'पण' या अर्थाचा इटालियन शब्द लिहून तो आपली असहमती दाखवी. उजेडाचा प्रश्न सुटला तो १८८० मध्ये, जेव्हा नॉर्थंबरलंडमधल्या क्रॅगसाइड येथे उद्योगपती आर्मस्ट्राँगच्या घरातल्या ग्रंथालयात संशोधक स्वानचे विजेचे दिवे लागले.

आपल्याकडचे एक उदाहरण तुम्हाला जवळचे वाटेल. माउंटस्ट्युअर्ट एल्फिन्स्टन हा स्कॉटिश लॉर्डचा चौथा मुलगा. लहान वयात तो हिंदुस्थानात आला, आणि ग्रीक भाषेचा त्याचा खरा अभ्यास इथे आल्यावर झाला. फारसी कवी आणि ग्रीक नाटककार यांचे वाचन तो रोजनिशीत टिपून ठेवी. पुण्यात मुळा-मुठेच्या संगमावरच्या रेसिडेन्सीत, म्हणजे ब्रिटिश वकिलातीत, त्याचा ग्रंथसंग्रह होता. ५ नोव्हेंबर १८१७ ला, खडकीच्या लढाईच्या दिवशी, रेसिडेन्सी जाळली गेली आणि त्यात ती पुस्तकेही गेली. त्या लढाईच्या एकवीस वर्षे आधी, १७९६ मध्ये, अर्ल ऑफ मॉर्निंग्टनचा धाकटा मुलगा आर्थर वेलस्ली हिंदुस्थानला निघताना स्विफ्टचे चोवीस खंड, अ‍ॅडम स्मिथ, कायद्यावरचे ब्लॅकस्टोन आणि फारसी-अरबीची व्याकरणे बरोबर घेऊन निघाला होता. असईच्या लढाईतला वेलस्ली तो हाच. तुमच्या अर्लला धाकटा भाऊ असेल तर त्याची पेटी अशी भरा; तुमच्याच काळातली ती खरी यादी आहे.

आतापर्यंतचे एका ओळीत सांगायचे तर तुमच्या प्रसंगात माणसे बरोबर आहेत. वेळ, जागा, पुस्तकाचा आकार आणि शांतता या चार गोष्टी बदलायला हव्यात. अर्लला एकांत हवाच असेल तर तो सकाळी दहाच्या आत, खिडकीपाशी, वर्तमानपत्र किंवा बर्न हातात देऊन द्या. संध्याकाळी त्याला दिव्याजवळ बसवा आणि 'युडॉल्फो'चा पहिला खंड मोठ्याने वाचायला लावा. अ‍ॅन रॅडक्लिफची ती चार खंडांची कादंबरी १७९४ मध्ये आली होती, म्हणजे अजून ताजी होती. मधे कुणीतरी हसावे, कुणीतरी शिवणाची सुई हरवावी, आणि त्याने तेच पान दुसऱ्यांदा वाचावे. रात्री झोपायला जाताना जिन्यापाशी टेबलावर मांडलेल्या शमादानांतले एकेक प्रत्येक जण उचलून वर जाईल. अर्लची बायको पहिला खंड बैठकीतच उलटा ठेवून जाईल, कारण तो सगळ्यांसमोर वाचायचा आहे. दुसरा खंड मात्र ती शोधेल तेव्हा जागेवर नसेल. तो तिच्या नणंदेने आधीच खोलीत नेलेला असेल.